जानरावांचं नम्र स्पॅनिश

"स्पॅनिशमध्ये मी कुठंही अडणार नाही," असं जानरावांनी जाहीर केलं, तेव्हा घरात पत्नी गोदाबाई आणि त्या मोडत असलेल्या शेवग्याच्या शेंगा सोडून कोणी नव्हतं. नाहीतर ते इतक्या मोठ्यानं बोललेच नसते. अमरावतीच्या एका वाचनालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल राहिलेला माणूस. मनातल्या मनातसुद्धा कुजबुजायचा.

पण कारणच तसं होतं. लेक प्रणाली स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाला राहायची. लग्नही तिनं तिकडच्याच मुलाशी केलं होतं. आता तिची सासू मारिसोलबाई भारत बघायला आली होती आणि दोन दिवस एकटीच अमरावतीला येणार होती. प्रणालीनं फोनवर गुपित आधीच फोडलं होतं. "बाबा, त्या तुम्हा दोघांना तिकडं बोलावणार आहेत. तिकिटंही त्याच काढणार."

जानरावांनी एकाहत्तर वर्षांत जगातल्या बहुतेक समुद्रांची वर्णनं वाचली होती. पाहिला मात्र एकही नव्हता.

म्हणून त्यांनी प्रवासात उपयोगी पडणारी दोनशे स्पॅनिश वाक्यं वहीत उतरवली. वही तौहीदभाईंनी कापडी पुठ्ठ्यात बांधून दिली. वाचनालयाची पुस्तकं तीस वर्षं तेच बांधत आले होते. तालीमही तेच घेत.

"जानराव, वो नको वाला जुमला पक्का करा," तौहीदभाई म्हणाले. "मेहमान पयल्याच डावाले हो म्हनला, तर काय इज्जत राहते? दोन बार नाही म्हना. तिसऱ्या बार, थोडंसं."

जानरावांना हे मनापासून पटलं. 'नो, ग्रासियास' त्यांनी इतकं घोटलं की झोपेतही ते नम्रच राहत. वहीत त्यापुढं अर्थ लिहिला : 'राहू द्या हो. (म्हणजे, अजून आग्रह करा.)'

बडनेऱ्याच्या स्टेशनवर मारिसोलबाई उतरल्या आणि जानराव पुढं झाले. वहीतलं पहिलंच वाक्य आपोआप बाहेर पडलं. "स्टेशन कुठे आहे?" त्यांनी स्पॅनिशमध्ये विचारलं. बाईंनी जरा विचार करून पायाखाली बोट दाखवलं. उत्तर बरोबर असल्यामुळं जानरावांना आणखी हुरूप आला.

"अवो, फोनमंदी भाषा बदलून येते म्हणते ना प्रणाली?" गोदाबाई रिक्षात म्हणाल्या.

"यंत्राला नम्रता कळत नाही," जानराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी स्वयंपाकघराचा ताबाच घेतला. पसरट कढईत केशर, सिमला मिरची आणि शेंगा घालून तिकडचा भात केला. वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. जेवताना त्या डाव घेऊन जानरावांसमोर आल्या आणि काहीतरी विचारलं.

जानरावांनी ताटावर हात आडवा धरला. "नो, ग्रासियास."

"बुएनो," म्हणजे बरं, असं म्हणून बाई पुढं सरकल्या.

"वाढा बाई, वाढा. लाजू नका," गोदाबाईंनी ताट पुढं केलं. त्यांना स्पॅनिशचं अक्षर येत नव्हतं. त्यांच्या ताटात डोंगर झाला.

जानराव दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसले. कढईवर झाकण पडलं. नंतर संत्र्याच्या फोडी आल्या; नो, ग्रासियास. पाहुणीवर छाप पडावी म्हणून जानरावांनी स्वतः मागवलेली चिखलदऱ्याची कॉफी आली; नो, ग्रासियास. ती तर ओठांपाशी येऊन परत गेली. शेवटी ते स्वतःच्याच घरात दाराआड उभं राहून सकाळची पोळी लोणच्याशी खात होते.

"भात कावून नाही घेतला?" गोदाबाईंनी विचारलं.

"एकदाच विचारलं त्यांनी."

"मंग? कितीदा इचाराव?"



संध्याकाळी निघण्यापूर्वी मारिसोलबाईंनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. निळाशार समुद्र. मग दोघांकडं बोट करून त्या सावकाश बोलल्या. व्हॅलेन्सिया, आमचं घर, ऑगस्ट, तुम्ही दोघं. जानरावांना शब्दन् शब्द कळला. असं थोर आमंत्रण आणि पहिल्याच फटक्यात हो म्हणायचं? लेकीच्या सासरी काय वाटेल?

त्यांनी छातीवर हात ठेवला, मान झुकवली आणि आयुष्यातल्या सर्वोत्तम उच्चारात म्हणाले, "नो, ग्रासियास."

मारिसोलबाईंनी आदरानं त्यांचा हात दाबला आणि गोदाबाईंकडं वळल्या.

"येतो ना बाई," गोदाबाई म्हणाल्या आणि भाषांतर म्हणून जोरात मान डोलावली.

आठवड्यानं प्रणालीचा फोन आला. तिकीट निघालं होतं. एक.

"सासूबाई म्हणाल्या, बाबांनी इतक्या स्पष्ट आणि सुंदर स्पॅनिशमध्ये नाही सांगितलं, की पुन्हा विचारणं म्हणजे त्यांचा अपमान."

गोदाबाईंनी फोनवर तळहात दाबला. "अवो, सांगू काय तिले? तुमालेबी यायचं हाये म्हणून?"

जानरावांच्या डोळ्यांपुढं तो निळा फोटो तरळला. बोलायचं ते जिभेच्या टोकापर्यंत आलंही.

"राहू दे," ते म्हणाले. "उगाच कशाला त्यांना त्रास."

आणि ते थांबले. चव्वेचाळीस वर्षं गोदाबाईंनी त्यांना प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा विचारली होती. पण दोन दिवसांच्या सहवासात विहीणबाईंकडून त्यासुद्धा थोडं काही शिकल्या होत्या.

"नाही म्हणतात वं ते," गोदाबाई फोनमध्ये म्हणाल्या. "मले सांग, तिकडं स्वेटर लागते काय?"