चन्नाप्पा मास्तरांचा बिनसाखरेचा चहा

मी शिकलो तो जनवाड्याच्या चन्नाप्पा मास्तरांमुळे. आमच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला मी पहिला पदवीधर. बापाला पटवलं मास्तरांनी, कॉलेजात नेऊन बसवलं तेही त्यांनीच. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून मी कृतघ्न वाटेन.

गावात कुणाचं लग्न ठरायला लागलं, की मास्तर त्या मुलामुलीला घरी बोलावून बिनसाखरेचा चहा पाजतात आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघतात.

याला कारण मीच. कलबुर्गीला मी यीस्टवर संशोधन करतो. पेशीच्या केंद्रकात जनुकं असतात, तशी थोडी मायटोकॉन्ड्रियातही असतात. श्वसनासाठी दोघांचं जमावं लागतं. आम्ही एका जातीच्या केंद्रकाशी भाऊबंद जातीचा मायटोकॉन्ड्रिया नांदवतो. साखर असली की पेशी ती आंबवून जगते, बेबनाव दिसत नाही. साखर काढून आंबवता न येणारं ग्लिसरॉल दिलं की श्वसनावाचून भागत नाही, आणि वाढ रखडते. हे मी मास्तरांना कौतुकाने सांगितलं.

"साखर हाय तोवर कुणाचं बी जमतंय," मास्तर म्हणाले. "सरली की बघायचं."

झालं, चहा सुरू. सरपंचाच्या होणाऱ्या जावयाने पहिल्याच घोटाला बशी मुलीकडे सरकवली. "मायटोकॉन्ड्रिया परका हाय," मास्तरांनी निकाल दिला. लग्न झालं, मास्तरांना तेवढं आवतन नव्हतं.

माझं ठरलं तेव्हा आई म्हणाली, "मास्तरला कामून सांगायलास? मोडंल की."

पण त्यांच्या होकाराशिवाय मला बोहल्यावर उभं राहायचं नव्हतं. सुमंगला माझ्याच प्रयोगशाळेतली, घरी कन्नड बोलणारी. तिने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "सर, तुलनेला साखरेचा चहा प्यालेलं जोडपं कुठाय?"

मास्तर तिचा रिकामा कप आत ठेवून आले.

"हाय की. मी अन् शांता. जलमभर गोड चहा पेलो. पोरगं परदेशी गेलं, माझी शाळा सुटली, दोघंच घरात ऱ्हायलो. तवा कळलं, बोलायला कायीच न्हाई. ती गेली गाणगापूरला, भावाच्या लॉजवर." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं तसं होऊ नये म्हून बघतो रे. करा लगीन."

कलबुर्गीला परतल्यावर काही महिन्यांनी मी त्यांना पत्र टाकलं:

'मास्तर, नमस्कार. न जमणाऱ्या पेशी आम्ही फेकल्या नव्हत्या. ग्लिसरॉलवरच पिढ्यान्‌पिढ्या ठेवल्या. त्यातल्या काही आता जोमाने वाढायल्यात. मायटोकॉन्ड्रिया तोच, परका. बारीकसा बदल केंद्रकात झालाय. आमचं लग्न इथेच आहे. शांताकाकूंना आम्ही दोघं गाणगापूरला जाऊन बोलावून आलो. "मास्तर एकटेच येणार व्हय?" एवढंच त्यांनी विचारलं. लग्नाच्या सकाळी त्या कलबुर्गीच्या स्टँडवर उतरतील. त्यांना आणायला मी दुसऱ्या कुणाला पाठवत नाही. तुम्ही जा.'