हॉलमध्ये की आत?

लिफ्टमध्ये भामरेअण्णा उभे दिसले की आमच्या बिल्डिंगमधले पन्नाशीपुढचे पुरुष जिन्याने जातात. कारण दार बंद झालं रे झालं की अण्णा विचारणार, "काय राव, झोपता कुठे? हॉलमध्ये की आत?"

बरं, आवाज हळू नाही. शेजारी कुणाची सून दुधाची पिशवी घेऊन उभी असली तरी यांना चालतं. समोरचा संकोचला की ते त्यांच्या नामपूरच्या अहिराणीत खडसावतात, "लाजानं काय काम शे?"

अण्णा नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून रिटायर झाले. आयुष्यभर गेटवर झडती देऊन घरी आलेला माणूस. खासगी म्हणून काही असतं, हे त्यांना पटतच नाही. वहिनी जाऊन तीन-चार वर्षं झाली. पहिल्या मजल्यावर एकटे राहतात, स्वतःचा चहा स्वतः करतात आणि उरलेल्या वेळात आमच्या संसारांची काळजी वाहतात.

त्यांचं म्हणणं असं, की आपल्याकडे मुलाचं लग्न झालं की बापाची रवानगी हॉलमधल्या दिवाणावर होते आणि आई नातवंडांजवळ जाते. कुणी सांगत नाही, पण घरोघरी हेच चालतं. "आणि मग म्हणतात बीपी वाढलं, झोप लागत नाही. अहो, कशी लागेल? बायकोशी जवळीक असली की हृदय खूश, झोप खूश, प्रोस्टेटसुद्धा खूश!" यात शास्त्र किती आणि रविवारची पुरवणी किती, देव जाणे. सोसायटीच्या सभेत अध्यक्षांनी "आणखी काही विषय?" असं विचारलं, तर अण्णा उठून म्हणाले, "पन्नाशीनंतरचं शरीरसुख यावर एक व्याख्यान ठेवा." सेक्रेटरींनी घाईघाईने टाकीच्या गळतीचा विषय काढला. बायका मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मीही हसायचो. मग गेल्या वर्षी मलाच अटॅक आला, स्टेंट बसले, आणि घरी आल्यावर मी गुपचूप हॉलमध्ये अंथरूण घातलं. सुनंदाला सांगितलं, रात्री उठावं लागतं, तुझी झोपमोड नको. खरं कारण वेगळंच होतं. मला भीती वाटत होती, आणि तिला माझ्याहून जास्त. चहाचा कप देतानासुद्धा ती हात जपून लावायची. तीस वर्षांचा संसार, आणि आम्ही पाहुण्यांसारखे वागत होतो. डॉक्टरांना विचारायला तोंड उघडेना.

मुलगा बंगलोरला, म्हणून तपासणीला सोबत अण्णा. डॉक्टरबाई माझ्या मुलाच्या वयाच्या. त्यांनी मीठ सांगितलं, तेल सांगितलं, चालणं सांगितलं. मी उठणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "मॅडम, हे सगळं कळलं. नवरा-बायकोचं काय? हे गृहस्थ हॉलमध्ये झोपतात."

मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या हृदयाकडे बघत बसलो. माझं खरं हृदय तेव्हा बंद पडलं असतं तर बरं, असं वाटत होतं.

बाई मात्र हसल्यासुद्धा नाहीत. "बरं झालं विचारलंत, कुणी विचारतच नाही. दोन मजले न थांबता चढा. छातीत दुखलं नाही, धाप लागली नाही, तर तुम्हाला काही हरकत नाही. फक्त ताकदीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत."

आमचा फ्लॅट नेमका दुसऱ्या मजल्यावर. खाली पोचताच अण्णा लिफ्टच्या आडवे उभे राहिले. "चढा सोनवणे!" मी चढू लागलो, मागून अण्णा. दारं उघडू लागली. पाटीलकाकूंनी विचारलं, "काय हो, लिफ्ट बंद आहे का?"

"नाही. डॉक्टरांनी परीक्षा ठेवलीय," अण्णा गरजले, "संसाराची!"

वर सुनंदा दारात उभी होती. "पास!" अण्णा धापा टाकत ओरडले. धाप त्यांनाच लागली होती. सुनंदा लालबुंद होऊन आत पळाली आणि स्वयंपाकघरात किती वेळ हसत राहिली. तिचं ते हसू मी कितीतरी महिन्यांनी ऐकलं.

संध्याकाळी तिने केलेला शिरा घेऊन मी अण्णांकडे गेलो. हॉलमध्ये दिवाणावर उशी आणि चादर. मला चेव आला. "काय अण्णा, झोपता कुठे? हॉलमध्ये?"

अण्णा हसले नाहीत. डबा हातात धरून बसले.

"प्रेसमध्ये असताना मलाही आला होता अटॅक. घरी आलो आणि इथे झोपलो. डॉक्टरांना विचारायची लाज वाटली हो. ती एकदा रात्री त्या दारात आली. म्हणाली, माझं काही चुकलं का? मी म्हटलं, झोप तू. मग तिने कधी विचारलं नाही."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर स्वच्छ चादर, शेजारी शेजारी दोन उशा.

"मग आता तरी आत झोपा ना, अण्णा."

"आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

त्यांनी डोळे पुसले आणि मला दाराकडे ढकललं. "जा वर. आणि जिन्यानेच जा."

जेवणं झाल्यावर मी दिवाणावरची उशी काखेत मारली आणि आत गेलो. सुनंदाने भिंतीकडे सरकून जागा केली.