भिवराबाई कोष्टीण यांनीं फारकत मिळविली त्याची हकीकत

श्री. ज्या परमेश्वरानें मनुष्यास जीभ दिली आणि वेळप्रसंगीं ती उचलावयाचें बळही दिलें, त्यास दंडवत घालून हकीकत लिहिली ऐसीजे. शके सोळाशें नव्वद, सर्वधारीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासीं, राज्य थोर, पेठा नांदत्या, आणि नदीकांठीं कोष्टीआळींत भिवराबाई राहत होत्या. त्यांचे यजमान धारोजी. उभयतांनीं एका मागावर नऊ वर्षें शेले विणले आणि त्या शेल्यांचा लौकिक दरबारापर्यंत गेला. मग धारोजी कापड घेऊन लष्कराच्या बाजाराबरोबर दक्षिणेस गेले, तीन सालें परतले नाहींत, आणि या मार्गशीर्षांत परतले ते दुसरें लग्न करून, नवी बायको मागें उभी करून. दारांतच बोलिले, "तूं भावाकडे जा. माग माझा, आणि मैनाही माझ्यापाशीं राहील." मैना त्यांची लेक, वर्षें सात. भिवराबाईंच्या पायांखालची भुई सरली.

मग बाई भावाकडे गेल्या. भाऊ म्हणाले, "ताई, जमवून घे. नांदतें घर सोडून कोणी उठतें काय?" बाई पाणीही न पितां माघारा आल्या आणि दुसरे दिवशीं थेट सरकारकचेरींत गेल्या. तेथील शिरस्तेदारांनीं मान वर न करितां विचारिलें, "अर्ज कोठें आहे? बरोबर पुरुषमाणूस कोण?" बाईंपाशीं दोन्ही नव्हतें. मग त्या कचेरीच्या पायरीवर बसल्या आणि उठावें कोठें जावयास हें सुचेना. इतक्यांत फुलाई रंगारीण तेथून चालली. तिचे हात कोंपरापर्यंत निळीनें निळे. बाईंचें सूत तीच रंगवीत असे. सर्व ऐकून ती म्हणाली, "पोरी, माझी फारकत झाली तेव्हां मीही ह्याच पायरीवर बसलें होतें. ऊठ. आधीं जेव, मैनेला घेऊन माझ्या पडवींत ये. पण चोरून येऊं नको. आळीच्या चार माणसांना सांगून ये, नाहींतर पोर पळविली म्हणतील. मग विसाजीपंतांकडे जाऊं."

बाईंनीं तसेंच केलें. विसाजीपंत हे कचेरींतून वृद्धापकाळीं निघालेले कारकून. दृष्टी अधू, अक्षर मोत्यासारखें, आणि देवळाच्या ओसरीवर बसून ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांचे अर्ज लिहीत. बाईंनीं संताप सांगावयास आरंभ केला तों पंत म्हणाले, "बाई, शिव्या न्यायाधीश रोज ऐकतात. तुम्ही दिवस सांगा. कोणत्या सालीं काय घडलें, आणि तें कोणी पाहिलें. आणि जो कागद मोठ्यानें वाचून दाखविला नाहीं, त्यावर अंगठा करूं नका." मग बाई पहिल्या सालापासून सांगूं लागल्या. धारोजी धोटा टाकीत आणि आपण किनार भरीत असूं, मैना जन्मली तेव्हां झोळी मागाच्याच खांबास बांधिली, आणि विणतां विणतां धारोजी पायाच्या अंगठ्यानें झोळीची दोरी ओढीत, पहिला शेला उतरला त्या दिवशीं त्यांनीं तो बाईंच्याच खांद्यावर टाकून पाहिला आणि म्हणाले, "विकावासा वाटत नाहीं." बाई येथवर आल्या. पंतांनीं लेखणी खालीं ठेविली. "हेंही लिहूं काय? फारकतीच्या अर्जांत हें कोणी लिहीत नाहीं." बाईंनीं पदरानें डोळे पुसले आणि म्हणाल्या, "लिहा. तेंही घडलेंच आहे."

मग पौषमासीं न्यायसभा बसली. धारोजींनीं सांगितलें, "हिला विणकाम येत नाहीं. ही पोर कशी पोसणार?" न्यायाधीशांनीं अर्ज वाचावयाची आज्ञा केली, आणि विसाजीपंतांचा शब्दन् शब्द सभेंत उमटला. झोळीची दोरी आली, खांद्यावरचा शेला आला, आणि धारोजींची मान खालीं गेली. भिवराबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. ते पहिल्या सालचे धारोजी क्षणभर तेथें उभे होते ऐसें त्यांस वाटलें. न्यायाधीश म्हणाले, "धारोजी, हें खोटें काय?" धारोजींनीं मान वर केली. मग म्हणाले, "नाहीं महाराज. किनार सारी हिचीच. माग हिला द्या. पोरही हिच्यापाशीं राहो."

फारकतीचा कागद वाचून जाहला, उभयतांचे अंगठे जाहले, आणि बाईंच्या डोळ्यांस पाणी नव्हतें. मग पायऱ्या उतरतां धारोजी मागून आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, मैनेस सणावारीं पाठवाल ना?" नऊ वर्षें ज्या मुखानें 'भिवरे' म्हटलें, त्यानें 'बाई' म्हटलें. "पाठवीन," इतकेंच भिवराबाई बोलिल्या, आणि फुलाईच्या निळ्या हातांत तोंड लपवून भर रस्त्यांत रडल्या.

ऐसी फारकत जाहली. बाई फुलाईच्या पडवींत माग मांडून राहिल्या, आणि शिरस्तेदार पुढें अर्जावांचून आलेल्या बाईस स्वतः उठून विसाजीपंतांची ओसरी दाखवूं लागले. हें सर्व लिहिणारास भिवराबाईंनीं आपल्या मुखें सांगितलें, आणि सांगत असतां हातांतलें काम एकदांही थांबविलें नाहीं. फक्त झोळीच्या दोरीपाशीं थांबल्या.