फ्रेंचमध्ये बुडवून मिळेल!

"कुठंही जा बाई, पाय ठेवल्याबरोबर आधी बाथरूम कुठे आहे ते विचारून ठेव. बाकी सगळं नंतर!"

सासूबाईंनी हा इशारा दिला तेव्हा भिंगरीची आई आरशासमोर केस बांधत होती. "हो आई," ती म्हणाली खरी, पण टीव्हीवरच्या हवामानाच्या अंदाजाला म्हणावं तसं! तिने पदवी घेतली होती. मुलांच्या मनावरची जाडजूड पुस्तकं पेन्सिलने खुणा करून वाचली होती. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत कपड्यांचे जोड, औषधं, बिस्किटं, ओले रुमाल, कोरडे रुमाल आणि रुमाल हरवले तर म्हणून आणखी रुमाल होते. आज काही म्हणजे काही चुकणार नव्हतं! आणि असं ठरवून जी बाई घराबाहेर पडते, तिचं पुढे काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहेच.

प्रकरण सुरू झालं ते भिंगरीच्या बाबापासून. तो पूल बांधणारा इंजिनिअर. त्याच्या कंपनीने त्याला अशा गावी धाडायचं ठरवलं, जिथे कुत्रीसुद्धा फ्रेंचमध्ये भुंकतात. दोन वर्षांसाठी, सहकुटुंब! तो खूश. भिंगरीच्या आईच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. भिंगरी साडेतीन वर्षांची. तिकडे गेल्या गेल्या तिला शाळेत घालायचं होतं.

म्हणून आईने एक क्लास हुडकून काढला. दोन आठवड्यांचा, फक्त फ्रेंचमध्ये चालणारा.

"बोंजूर मी शिकवीन की घरी, फुकटात," बाबा म्हणाला. फी वाचून त्याला आधीच ठसका लागला होता.

"तुला तरी येतं का फ्रेंच?"

"बोंजूर येतं!"

"आणि हिला तिथल्या शाळेत शू लागली तर? कुणाला सांगेल? कसं सांगेल? बोंजूर म्हणेल?"

बाबाने फीचा विषय सोडून दिला. कारण भिंगरीचा डायपर नुकताच सुटला होता आणि तो सोडवताना घरातली एकही चादर, एकही सोफा, एकही पाहुणा कोरडा राहिला नव्हता. परक्या गावात, परक्या पोरांत आपली चिमुरडी पाय आवळून उभी आहे आणि कुणालाच काही कळत नाहीये, हे चित्र आईच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"पहिला वर्ग मोफत आहे," ती म्हणाली. "तिथे बसून बघते. पटलं तरच पैसे भरायचे. हे बघ, काय लिहिलंय, 'आम्ही मुलांना फ्रेंचमध्ये पूर्ण बुडवून काढतो.'"

कोपऱ्यातल्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र धाडकन खाली आलं.

"काय करतात?" अण्णा गरजले.

अण्णा म्हणजे भिंगरीचे आजोबा. पोहायला शिकवणारे मास्तर. आता निवृत्त झाले होते, पण आवाज अजून नोकरीतच होता. समोरचा माणूस तलावाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि त्याचं डोकं पाण्याखाली आहे, अशा बेताने ते बोलत. गळ्यातली शिट्टी तर आंघोळीलाही निघत नसे. भिंगरी तिला 'पीपी' म्हणायची, म्हणून घरात सगळेच पीपी म्हणत.

"बुडवतात, अण्णा. भाषेत बुडवतात."

'भाषेत' हा शब्द अण्णांच्या कानात शिरलाच नाही. तिथे तलावाचं पाणी आधीच जाऊन बसलं होतं.

"उभा जन्म पोरं बुडू नयेत म्हणून मी काठावर उभा राहिलो, आणि तू माझ्या नातीला पैसे देऊन बुडवून आणणार? मी येतो बरोबर! बघतो कोण बुडवतो ते!"

आईने समजावलं. बाबाने समजावलं. अण्णा मान डोलावत राहिले आणि शनिवारी सकाळी दारात तयार उभे! एका हातात भलामोठा टॉवेल, दंडात फुगवलेली बदकाची रिंग आणि गळ्यात पीपी.

"अण्णा, बदक तरी घरी ठेवा."

"तू तुझे रुमाल घेतलेस का नाही? मग मला माझं बदक घेऊ दे!"

क्लास दुसऱ्या मजल्यावर होता. दारावर पाटी: 'आत फक्त फ्रेंच'. काउंटरवरच्या ताई गोड हसल्या. भिंगरीच्या आईने "नमस्कार" म्हणताच त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं आणि तेच गोड हसू पुन्हा दाखवलं. बाकीचे आईबाप आपापली पोरं सोडून केव्हाच खाली चहाला सटकले होते. भिंगरी मात्र अण्णांचं बोट सोडेना. शेवटी मादाम बाहेर आल्या. उंच, काटक, गळ्यात लांबच लांब स्कार्फ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मराठीचं आणि त्यांचं कधी तोंडओळखीपुरतंही जमलं नव्हतं. त्यांनी बदकासकट अण्णांना आत बसायची खूण केली. अण्णा लहान मुलांच्या लाल खुर्चीत बसले. म्हणजे बराचसा भाग बसला.

आई बाहेर, काचेला नाक लावून. दार किलकिलं होतं, त्यामुळे ऐकू सगळं येत होतं.

मादाम भिंगरीसमोर वाकल्या आणि लाडाने तिचा गालगुच्चा घेत म्हणाल्या, "बोंजूर, मों शू!"

आता हे मात्र तुम्हाला सांगायला हवं. फ्रेंच लोक लाडक्या मुलाला 'शू' म्हणतात. म्हणजे चक्क कोबी! आपल्याकडे सोन्या, तसा त्यांचा कोबी. हे भिंगरीच्या आईला कळलं, पण दुसऱ्या दिवशी. त्या घडीला ना तिला ठाऊक होतं, ना भिंगरीला.

भिंगरीने मान हलवली. "नाही आली."

मूल लगेच बोलतंय म्हणून मादाम हरखल्या. "शुएत!" त्या टाळ्या वाजवत म्हणाल्या. म्हणजे, छान!

"सांगितलं ना, नाही आली!"

अण्णांचं मन भरून आलं. ते शेजारच्या दोन वेण्यांवाल्या मुलीला सांगू लागले, "बघितलंस? आल्या आल्या शूचं विचारतात! अशी काळजी घेणारी बाई मी आख्ख्या—"

"शूऽऽत!" मादामने ओठांवर बोट ठेवून अण्णांकडे बघितलं.

फ्रेंचमध्ये ते 'गप्प बसा' होतं. अण्णांनी इकडेतिकडे बघितलं. "मला?"

"शूत!"

"आता... नाही म्हणजे, तशी काही घाई नाही. पण बाई एवढं म्हणताहेत तर जाऊन येतो!" आणि या वयात आलेली सूचना मोडू नये, अशा नम्रपणे अण्णा खुर्चीसकट उठले. खुर्ची मागून काढावी लागली. पोरं खदाखदा हसायला लागली. मादाम गोंधळल्या आणि सगळ्या वर्गाकडे वळून जोरात म्हणाल्या, "शूत! शूत! शूऽऽत!"

झालं! मराठी घरात वाढलेली पोरं ती. मोठ्या माणसाने एवढ्या कळकळीने शूची आठवण केल्यावर न लागलेलीही लागते! आधी दोन वेण्यांवाली उठली, मग जुळे भाऊ उठले, मग चष्मेवाला, मग भिंगरी. अख्खा वर्ग अण्णांच्या पाठोपाठ दाराबाहेर!

"अगं, बाथरूम कुठे आहे?" अण्णांनी सुनेला विचारलं.

आणि भिंगरीच्या आईला सासूबाई आठवल्या. बाथरूम! ते तेवढं बघून ठेवायचं राहिलं होतं!

ती काउंटरकडे धावली. "ताई, बाथरूम?"

ताईंनी पाटीकडे बोट दाखवलं.

"अहो, पोरांना लागली आहे!"

पुन्हा पाटी. पुन्हा गोड हसू. भिंगरीच्या आईला फ्रेंचमधले दोनच शब्द येत होते, नमस्काराचा आणि आभाराचा. तिने दोन्ही वापरले. "बोंजूर! बोंजूर! मेर्सी! बोंजूर!" आणि मग, पदवीधर बाई, पाय आवळून जागच्या जागी नाचली! ताईंना अर्थ लागला असावा, कारण त्यांनी व्हरांड्याच्या टोकाचं एक दार दाखवलं. सगळी वरात तिकडे पळाली.

दाराला कुलूप!

"कडेला धरून उभे राहा! ढकलाढकली नाही! माझ्या पुढे कुणी उडी मारायची नाही!" अण्णा मनाने तलावावर पोचले होते. पोरं भिंतीला पाठ लावून ओळीने उभी राहिली, पाय एकमेकांत गुंफून. भिंगरीच्या आईने रुमाल बाहेर काढायला सुरुवात केली. हेच ते चित्र! अगदी हेच, जे तिला रात्रंदिवस दिसत होतं. फक्त परक्या गावात नाही, घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर!

"भिंगरी, थांब हं राजा, आई बघते..."

पण भिंगरी जागेवर नव्हतीच. ती तुरुतुरु मागून धावत आलेल्या मादामकडे गेली होती आणि त्यांचा स्कार्फ घंटेच्या दोरीसारखा ओढत होती.

"मादाम! शूत!"

एवढं पोर आपल्याला गप्प करतंय हे बघून मादाम खरोखरच गप्प झाल्या. भिंगरीने त्यांच्या किल्ल्यांकडे बोट केलं, मग दाराकडे, मग गुडघ्याला गुडघा लावून तोंड वेडंवाकडं केलं. मादामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आऽऽ! पीपी!" त्या ओरडल्या. "पीपी! पीपी!"

फ्रेंच मुलं शूला पीपी म्हणतात, हे बिचाऱ्या अण्णांना कसं कळणार? त्यांना एवढंच दिसलं, की बाई त्यांच्याकडे बघून जिवाच्या आकांताने पीपी मागत आहेत! त्यांची छाती अभिमानाने फुगली. "आत्ता देतो!" म्हणत त्यांनी शिट्टी ओठांना लावली आणि तलावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल अशी सणसणीत फुंकर मारली.

फुर्रर्रर्र!

चार चिमुकले जीव कसेबसे धरून उभे होते. ते दचकले. आणि दचकल्यावर माणूस हातातलं काय, काहीच धरून ठेवत नाही.

जाहिरातीत लिहिलेलं शब्दशः खरं झालं. फ्रेंचमध्ये बुडवून मिळालं! गडबड बघायला आलेल्या काउंटरवरच्या ताईंच्या चपला पहिल्यांदा बुडाल्या, आणि पाटी विसरून त्या ठणठणीत मराठीत ओरडल्या, "अगं बाई गं! माझ्या नव्या चपला!"

एकटी भिंगरी कोरडी. तिच्यासाठी मादामने दार उघडलं, आणि ती राणीसारखी आत जाऊन, काम उरकून, हात धुऊन बाहेर आली.

बाहेर अण्णा टॉवेलने फरशी पुसत होते. "बुडवतात म्हणून सांगत होतो, तर मला वेड्यात काढलं! आता बोला, टॉवेल कुणी आणला?"

घरी येऊन भिंगरीच्या आईने पिशवी कोपऱ्यात भिरकावली. "नाही भरायचे पैसे. कानाला खडा!"

बाबाने लेकीला मांडीवर घेतलं. "काय शिकलीस गं?"

"तिकडे ना, शूला पीपी म्हणतात," भिंगरी म्हणाली. "आणि त्यांना समजलं नाही ना, तर ओढायचं."

इतक्या रात्री जागून जी चिंता आईने पोसली होती, ती या एवढ्याशा पोरीने एका सकाळीत, एका स्कार्फच्या जोरावर निकालात काढली होती! तिने लेकीला असं कवटाळलं, की भिंगरी म्हणाली, "आई, एवढं दाबू नकोस, शू येईल!"

"बघ! फीही वाचली," बाबा खुलला.

"नाही वाचली," अण्णा म्हणाले.

सगळे वळले.

"तू रुमालांनी पोरं पुसत होतीस, तेव्हा भरून आलो. माझी. मोठ्यांचा वर्ग दुपारी असतो." अण्णांनी बदकाची हवा सोडत नजर चुकवली. "निघताना बाई काय म्हणाल्या ऐकलंत का? 'मेर्सी, मिस्यू!' मिस करणार म्हणे मला. एवढं म्हटल्यावर जायला नको?"

"ते 'महाशय' असतं, अण्णा! फ्रेंचमध्ये सगळ्यांनाच म्हणतात!" बाबा म्हणाला.

सासूबाई स्वयंपाकघरातून कोरड्या आवाजात म्हणाल्या, "जाऊ दे त्यांना. फक्त बाथरूम कुठे ते बघून ठेवा म्हणावं."

तर आता भिंगरीच्या आईचं तुमच्याकडे एक काम आहे. ती पेट्या भरण्यात गुंतली आहे आणि अण्णांचा वर्ग सुटून बराच वेळ झाला तरी ते घरी आलेले नाहीत. अण्णांना वर्गात बोलल्याशिवाय राहवत नाही, मादामना 'शूत' म्हटल्याशिवाय राहवत नाही, आणि अण्णा अजूनही प्रत्येक वेळी उठून जातातच. तुम्ही त्या बाजूने जात असाल, तर दुसऱ्या मजल्यावर व्हरांड्याच्या टोकाला जरा डोकावून या ना. त्या दाराला कुणी चुकून बाहेरून कुलूप तर लावलं नाही, एवढंच बघा. आणि आतून शिट्टी ऐकू आली, तर कृपा करून दोन पावलं मागे सरून उभे राहा!