व्याह्यांच्या खिशातली डबी

भर पावसाळ्यात मिरची पिकवून दाखवणारा माणूस आमच्या गावात एकच. स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगू नये म्हणतात, पण दुसरं कोणी सांगायला तयार नाही, म्हणून सांगतो. पार्दियोनो, म्हणजे अस्मादिक!

आमच्या जावा बेटावर पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. मिरच्या झाडावरच कुजतात. बाकीचे कपाळाला हात लावतात, मी डोकं लावलं. केळीच्या पानांच्या द्रोणांत रोपं केली. मातीत भाताच्या तुसाची राख आणि बकरीच्या लेंड्या कालवल्या. वर बांबूचं छप्पर केलं, त्यावर खताच्या जुन्या पिशव्या फाडून ताणल्या. रोज सकाळी तांदळाचं धुवण झाडांना. हे सगळं बघून बायको म्हणाली, "मी बाळंतीण होते तेव्हा माझीसुद्धा एवढी उठबस केली नव्हती तुम्ही."

आता एवढा खटाटोप कशासाठी? तर व्याह्यांसाठी. आमच्या मुलीला, रेत्नोला, पलीकडच्या बेटावरच्या पादांगचं स्थळ आलं. तिकडची माणसं न्याहारीलाही मिरची खातात आणि आम्ही फणसाच्या भाजीतही गूळ घालतो. व्याही महयुद्दीन तसा देवमाणूस. मागणी घालायला आले तेव्हा पहिला घास घेतला, "वा, छान" म्हणाले, आणि खिशातून एक चपटी डबी काढली. तिच्यात लालभडक ठेचा. तो त्यांनी माझ्या बायकोच्या गुदेगवर, म्हणजे त्या गोड फणसाच्या भाजीवर, थापला. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत!

मी तिथल्या तिथे सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "लग्नाला या. माझ्या मिरचीचा ठेचा खाऊन तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, तर नाव बदलीन. डबी खिशातच राहील तुमची."

"बघू या की," व्याही हसून म्हणाले. ते हसले नसते तरी चाललं असतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी झाडं लाल मिरच्यांनी लगडली होती. सकाळी तोडायच्या असं ठरवून मी समाधानाने झोपलो. तिथेच चुकलं.

सकाळी टोपली घेऊन गेलो तर झाडांवर फक्त पानं. एक लाल मिरची नाही. पाखरं म्हणावीत तर देठसुद्धा व्यवस्थित खुडलेले. मी धावत मांडवाकडे गेलो आणि जागच्या जागी थिजलो. मांडवाभोवती माझ्या मिरच्या रांगेने उभ्या होत्या! झावळीच्या प्रत्येक हिराला टोचलेली एक लाल मिरची, एक छोटा कांदा, आणि हीर जमिनीत रोवलेला. लग्नात पाऊस येऊ नये म्हणून आमच्या बायका हे करतातच. मी इतकी वर्षं त्याला हसत आलो. पण घरोघर एखाद-दोन हीर रोवतात. इथे वागिनेमने, म्हणजे माझ्या बायकोने, कुंपणच घातलं होतं. शेजारणी शुभेच्छा द्यायला आल्या, त्यांनीही एकेक रोवला. मिरच्या अर्थात आमच्याच.

मी बायकोला गाठून म्हटलं, "अगं, त्या ठेच्यासाठी होत्या."

ती म्हणाली, "मुलीचं लग्न आधी की तुमचा ठेचा? एका हिराला जरी हात लावलात ना, तर बघा."

आता बाजारात जावं, तर तिथल्या मिरच्या भिजून लिबलिबीत झालेल्या. आणि व्याही येऊन बसले होते. शर्टाच्या खिशात डबीचा आकार स्पष्ट दिसत होता. मी आभाळाकडे पाहिलं. लख्ख ऊन, ढगाचा पत्ता नाही. म्हटलं, शिकलेला माणूस मी, कांदा-मिरचीला ढग घाबरतात होय? निकाह सुरू झाला, सगळ्यांच्या माना पुढे वळल्या, आणि मी मांडवामागून वाकून एकेक मिरची सोडवत निघालो. कांदे तसेच ठेवले. सगळंच न्यायला मी काही चोर नव्हे!

शेवटची मिरची काढली आणि टकलावर थेंब पडला.

मी स्वयंपाकघरात पोचेपर्यंत आभाळच फाटलं. मांडवाचं कापड पोटाशी फुगलं आणि नवऱ्यामुलाच्या मामांवर रिकामं झालं. रेत्नोच्या डोळ्यांतलं काजळ हनुवटीपर्यंत आलं. मीच केलं हे, असं वाटलं, आणि सवयीने डोळे पुसले. त्याच बोटांनी! मग जी आग लागली, ती काही विचारू नका. मी खांबाला धरून घळाघळा रडत होतो आणि लोक म्हणत होते, बापाचं काळीज बघा.

व्याही स्वतः उठून आले. "रडू नका," ते म्हणाले, "तुमची मुलगी ती आमची मुलगी." ज्यांना रडवायचं होतं, तेच माझी पाठ थोपटत होते.

तेवढ्यात ठेचा आला. गडबडीत बायकोने मिरच्या कुठून आल्या हेही विचारलं नव्हतं, घेतल्या आणि खलात घातल्या. मी एक डोळा कसाबसा उघडून बघत राहिलो. व्याह्यांनी भातावर ठेचा घेतला, घास तोंडात घातला, डोळे मिटले.

"वा," ते म्हणाले. "काय सुरेख गोड झालाय."

"गोड?" मी वागिनेमकडे बघितलं.

"मग?" ती म्हणाली. "गुळाशिवाय ठेचा असतो का कुठे? चांगला मोठा खडा घातलाय. व्याही माणसं पहिल्यांदा जेवतायत मांडवात."

व्याह्यांचा हात सावकाश खिशाकडे गेला. पण माणूस खरंच देवमाणूस. डबी उघडून पहिला ठेचा त्यांनी माझ्या पानात वाढला. खोटं कशाला बोलू, झकास होता.

मी दुसरा घास घेणार, इतक्यात बायको समोर येऊन उभी राहिली. हातात चिखलाने भरलेला एक हीर. त्याच्यावर नुसता कांदा. ती कांद्याकडे बघत होती, मग माझ्याकडे बघत होती. मी घाईघाईने डबीतला सगळा ठेचा तोंडात कोंबला. रडायला आता निदान कारण तरी होतं.