सव्वीस संगणकांचा पत्ता

हिंगणदऱ्याच्या शाळेतले सव्वीस संगणक रोज सकाळी साडेदहाला मोठ्याने हाक मारून विचारत, "मी कोण? मी राहतो कुठं?" आणि जो पहिलं उत्तर देईल त्याचं ऐकत.

यात संगणकांचं काही चुकत नव्हतं. संगणक सुरू झाला की त्यात सगळ्यांत आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. पूर्वी तो कंपनीचा होता, कुलूपबंद. कंपनीशिवाय कुणाशी चकार शब्द बोलत नसे. संगणक शिकवणाऱ्या इंदुमती घोलप बाईंनी तो काढून मोकळा, कुणालाही वाचता-बदलता येईल असा प्रोग्राम बसवला. मोकळा झालेला संगणक चार लोकांत विचारणार, हे ओघानेच आलं.

अडचण गावाची होती. हिंगणदऱ्यात पत्ता विचारला आणि "माहीत नाही" असं कुणी म्हणालं, असं आजवर घडलेलं नाही. शाळेसमोरच्या ओट्यावर रंगनाथ तात्या बसलेले असत. त्यांनी पहिल्याच दिवशी चार नंबरच्या संगणकाला "तू पोस्ट हापिस" असं ठणकावून सांगितलं. तेव्हापासून चार नंबर तिकीट लावल्याशिवाय काही घेत नव्हता. गिरणीवाल्या अंजिराबाईंनी आतूनच नऊ नंबरला ओ दिली, तर तो "जाडं दळू की बारीक?" विचारत बसला. अकरा, बारा आणि तेराला कुणीतरी एकच घर सांगितलं, आणि त्या तिघांचा अबोला सुरू झाला.

शुक्रवारी विस्तार अधिकारी बागलाणे पाहणीला येणार होते. सगळ्या संगणकांवर एकच कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, चालू दिसली नाही, तर सव्वीसही ट्रकमध्ये भरून तालुक्याच्या शाळेत जातील, असं पत्र आलं होतं. नववीच्या मुलींनी अजून त्यांना हातही लावला नव्हता. मोकळं करण्याची हौस बाईंची. तेव्हा निस्तरायचंही त्यांनाच होतं.

सोमवारी बाई एकेकात हाताने कार्यप्रणाली बसवायला लागल्या. भाषा कोणती, घड्याळ कुठलं, कळफलक कसला असे प्रत्येकाचे एकोणीस प्रश्न. पहिल्याच्या सातव्या प्रश्नापर्यंत उरलेल्या पंचवीस जणांना गावाने मार्गी लावलं होतं. मंगळवारी त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, तर संगणक आणखी मोठ्याने ओरडले. बुधवारी त्या तात्यांच्या ओट्यावर गेल्या.

"तात्या, दोन दिवस तेवढं गप्प राहता का?"

"आन् त्यांनी हाक मारल्यावर?"

"ओ देऊ नका."

तात्यांना फार लागलं. "बाई, दारात येऊन कुनी पत्ता इचारायचा आन् म्या तोंड फिरवायचं? आमच्या घरात असलं कधी झालं न्हाई."

"पण तुम्ही चुकीचा सांगता."

"सांगतो तर खरं!"

बाई चिडून उठल्या. पण शाळेच्या फाटकाशी येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की म्हातारा बरोबर बोलतोय. गाव गप्प बसणार नव्हतं, आणि बसायची गरजही नव्हती. गावाला बरोबर उत्तर तेवढं हवं होतं, आणि ते पोरासोरांना पाठ होईल इतकं सोपं हवं होतं.

त्यांनी ऑफिसच्या कपाटात एक जुना संगणक ठेवला. प्रत्येकाच्या पाठीवरचा, कारखान्यातच मिळालेला जन्मनंबर, त्यापुढे त्याचं नाव आणि घर क्रमांक एक ते सव्वीस, अशी यादी त्याच्याकडे दिली. कार्यप्रणाली दिली. एकोणीस प्रश्नांची उत्तरंही एकदाच लिहून दिली. मग ग्रामसेवकाने भोंग्यावरून सूचना वाचली : "कोणत्याही संगणकाने काहीही विचारल्यास 'कपाटात विचार' एवढेच सांगावे. सांगण्याचा हक्क सर्वांना समान आहे."

"पन पयला कोन सांगनार?" तात्यांनी विचारलं.

"जो आधी बोलेल तो."

"मंग मीच की!"

गुरुवारी बाईंनी सव्वीसही संगणक कोरे केले. चार नंबरने टपालाचा चार्ज रीतसर सोडला.

शुक्रवारी साडेदहाला बागलाणे साहेब पेन उघडून उभे होते. ट्रक फाटकाशी लागला होता. सव्वीस संगणकांनी एकदम हाक मारली, "मी कोण? मी राहतो कुठं?"

तात्या ओट्यावर उभे राहिले. आयुष्यभर स्वतःच्या अकलेने पत्ते सांगणारा माणूस तो.

"कपाटात इचार!" तात्या गरजले.

"कपाटात विचार!" गिरणीतून, विहिरीवरून, टेलरच्या दुकानातून, एसटीच्या थांब्यावरून सगळं गाव ओरडलं. सव्वीस जण एकाच वेळी कपाटाकडे वळले. कपाटाने न गडबडता प्रत्येकाला नाव दिलं, घर दिलं, कार्यप्रणाली दिली आणि एकोणीस उत्तरं दिली. बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी एकाही कळफलकाला बोट लावलं नाही. अकराव्या मिनिटाला सव्वीस पडदे सारखे उजळले.

बागलाणे साहेबांनी एकेक पडदा तपासला. "झालेत खरे," ते म्हणाले. "पण ट्रक मागवलाय. आता सामान हलवायलाच पाहिजे."

"साहेब, सामान कुठलं? यांना नाव आहे, घर आहे. मुक्काम हिंगणदरा."

साहेबांनी नियमावली काढून दोन पानं वाचली. रहिवाशाला हलवायचं तर त्याचा स्वतःचा अर्ज लागत होता. त्यांनी संगणकांकडे वळून विचारलं, "कुणाला जायचंय?"

एकही संगणक बोलला नाही. साहेबांनी शेरा लिहिला : "रहिवासी. हलवता येत नाहीत."

"जिंकलो!" बाई साहेबांच्या देखतच ओरडल्या, आणि त्यांना त्याची जराही लाज वाटली नाही. नववीच्या मुली धावत आत आल्या आणि दोघी-दोघी करून बसल्या.

सोमवारी ग्रामसभा होती. सव्वीसही नवे रहिवासी वेळेवर हजर झाले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कोरम भरला आणि सरपंचांनी सभा सुरू केली.