बाराव्या गाडीचा मान

बी.ए.ला इंग्रजीचा खास वर्ग मंजूर झाला तर आपल्या पदरात काय काय पडेल, याचा हिशेब प्रोफेसर जीवराम चौधरींनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर मांडून ठेवला होता. मधोमध उभी रेघ. डावीकडे जमा. पहिलं कलम, पाचशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी नाटक शिकवणारा सबंध खानदेशातला एकमेव माणूस म्हणून नाव. दुसरं, ते शिकवल्याचा दाखला. तिसरं, त्या दाखल्यावर मुंबईच्या कॉलेजात जागा. चौथं, जळगावचा मे महिना जन्मात पुन्हा न बघणं. रेघेच्या उजवीकडे, खर्चाच्या बाजूला, काही लिहिलेलं नव्हतं. खर्च कसला? वर्ग विद्यापीठ देणार, शिकवणार आपण.

चौधरी मूळचे जामनेरचे. पण मुंबईला एम.ए. करून आल्यापासून ते जळगावात राहत नव्हते, जळगावात थांबलेले होते. गावात नवं कॉलेज निघालं म्हणून ते उतरले, त्याला वर्ष होऊन गेलं, तरी त्यांची वळकटी दाराशी बांधलेलीच असे. रात्री त्यांची बायको सुगंधाबाई ती सोडून गादी घाली आणि सकाळी पुन्हा बांधून दाराशी ठेवी.

"अहो, एखादा दिवस तरी ही पसरलेली राहू द्या ना," ती म्हणे.

"तार कधी येईल सांगता येत नाही," असं म्हणून चौधरी खिडकी ते दार आणि दार ते खिडकी फेऱ्या घालत.

तार नाही, पण १९४५च्या दिवाळीनंतर विद्यापीठाचं पत्र आलं. जुन्या नाटकाचा विषय शिकवायला आपल्याकडे साधनं कोणती, अशी विचारणा होती. साधनं म्हणजे कॉलेजच्या कपाटात त्या विषयाची चार पुस्तकं. एक वाळवीने वाचून संपवलं होतं, एक प्रिन्सिपॉलसाहेबांच्या घरी होतं, आणि लढाई संपली तरी विलायतेहून पाचवं येण्याची आशा नव्हती. दुसरा कोणी असता तर त्याने खरं लिहिलं असतं. चौधरींनी चार पानं लिहिली.

त्यांचं म्हणणं असं, की जुन्या इंग्लंडात सुतार, खाटीक, कोळी अशा एकेका धंद्याची पंचायत सणाच्या दिवशी आपापली गाडी काढी. गाडीवरच देवाधर्माचा खेळ होई आणि ती चौकाचौकांतून फिरे. मुंबईच्या मुलांना हे पुस्तकात वाचावं लागतं. खानदेशात गाड्या आहेत, सण आहेत, चौक आहेत. 'आमचे विद्यार्थी हा विषय डोळ्यांनी पाहतात,' असं शेवटचं वाक्य लिहून चौधरींनी स्वतःच दोनदा वाचलं. इतकं चांगलं वाक्य त्यांच्या हातून पूर्वी उतरलं नव्हतं.

उलट टपाली उत्तर आलं. 'मलाही डोळ्यांनी पाहायचे आहे. तारीख कळवा.' खाली विद्यापीठाच्या तपासनीसांची सही. हे एक म्हातारे पारशी प्रोफेसर. हाच विषय त्यांनी तीस वर्षं शिकवला होता आणि नापास करण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे.

"आता?" प्रिन्सिपॉलांनी घाम पुसला. "चौधरी, आपण काय पाहतो हो डोळ्यांनी?"

"पाहू," चौधरी म्हणाले.

त्यांनी चंपाषष्ठीची तारीख कळवली. गणित पक्कं होतं. त्या दिवशी पिंप्राळ्याला खंडोबाची जत्रा. कॉलेजपासून दोन मैल. प्रेक्षक फुकट, धूळ फुकट, सणाचं वातावरण फुकट. एक गाडी मागून आणायची, तिच्यावर पोरांकडून बायबलातल्या प्रलयाचा, होडीत प्राण्यांची एकेक जोडी वाचते तो, खेळ करवायचा आणि साहेबांना दाखवून चहाला परत.

गाडी दिली पिंप्राळ्याच्या चुडामण पाटलांनी. त्यांचा पोरगा चौधरींच्या वर्गात दोन्ही सहामाहींत नापास झालेला होता, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. झिपरू सुताराने गाडीवर फळ्या ठोकून होडीचा आकार दिला. पोरांनी पुठ्ठ्याचे वाघ, हत्ती, उंट केले. प्राण्यांत एक तरी खरा असावा म्हणून चुडामणभाऊंनी आपली शेळी दिली.

"दोन नकोत का?" चौधरींनी विचारलं. "जोड्या असतात त्या खेळात."

"एकच शे," चुडामणभाऊ म्हणाले. "तीच दोनन्या बरोबर चारा खास."

चंपाषष्ठीला चार वाजता साहेब टांग्यातून उतरले. लोकरीचा लांब कोट, हातात काठी, पाठ दुखते म्हणून कमरेला पट्टा. जत्रेपासून जरा लांब, लिंबाखाली कॉलेजची गाडी बैल सोडून उभी होती. पलीकडे मैदानात बारागाड्यांची तयारी चालली होती. बारा गाड्या एकीमागे एक दोरांनी बांधायच्या, त्यांत माणसं खचाखच भरायची आणि खंडोबाच्या भगताने त्या एकट्याने ओढायच्या, ही तिथली रीत. चौधरींनी साहेबांची पाठ मुद्दाम तिकडे करून ठेवली होती. एका वेळी एकच गोष्ट दाखवावी, हे शिकवण्याचं पहिलं तत्त्व.

"रंगमंच जवळून पाहायला हवा," साहेब म्हणाले. चार पोरांनी मिळून त्यांना गाडीवर चढवलं. होडीच्या पुढच्या टोकाशी खुर्ची मांडली होती, तिच्यावर ते बसले. बसताना "आह" म्हणाले, त्यावरून ते उतरायलाही तेवढाच वेळ घेणार हे सगळ्यांना कळलं. वाघ, हत्ती आणि शेळी त्यांच्याभोवती उभे राहिले.

आणि त्याच वेळी मैदानात बाराव्या गाडीचा आस मोडला.

लोटन आबा, गावचे पंच, धोतराचा सोगा सावरत लिंबाखाली आले. त्यांच्या मागे पन्नास माणसं.

"मास्तर, बारामा एक कमी पडनी. तुम्हनी गाडी जोयजे."

"ही? अहो आबा, ही कॉलेजच्या कामाची गाडी आहे!"

"गाडी मनी शे, मास्तर," चुडामणभाऊ मान खाली घालून म्हणाले. "देवना कामले नही कसा म्हनू?"

"मग अकराच ओढा की! कोण मोजतंय?"

कोण मोजतंय, असं त्या मैदानात अजून कोणी विचारलेलं नव्हतं.

"भगत सकायपासून उपाशी शे," आबा शांतपणे म्हणाले. "दिवस बुडाना पहिले गाड्या हालाले पाहिजेत."

"अहो पण वर साहेब बसलेत!"

"बसू द्या. बठ्ठा गाव बसस. त्यासनं एकलानं काय वझं?"

वर साहेबांनी काठी आपटली. "चौधरी, वर काही ऐकू येत नाही. काय चाललंय?"

चौधरींच्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. पण चार पानांचं ते पत्र आठवलं आणि पाकिटाची डावी बाजू आठवली. "सुरुवात होते आहे, सर," ते म्हणाले.

इथून पुढे कोणाच्याच हातात काही राहिलं नाही. पन्नास जणांनी गाडी ढकलत नेली आणि शेवटच्या जागी बांधली. साहेबांभोवती बघता बघता वीस माणसं चढली. एका बाईने आपलं पोर साहेबांच्या मांडीवर दिलं आणि "धरी ठेवा, बाबा" म्हणून ती चाकावर पाय ठेवून वर आली. अगदी पुढे अभिमन भगत, चिपाडासारखा बारीक माणूस, कमरेला दोर बांधून उभा होता. येळकोटाचा गजर झाला, भगताने अंग पुढे टाकलं आणि बारा गाड्या हलल्या.

चौधरी शेजारून पळू लागले.

"हा कोणता धंदा?" साहेब वरून ओरडले.

"सर?"

"पुढची गाडी! कोणत्या धंद्याच्या पंचायतीची?"

"कापूसवाले, सर!" चौधरी धापा टाकत म्हणाले.

"आणि त्याच्या पुढची?"

"केळीवाले!"

"खेळ कधी सुरू होणार?"

"हाच खेळ, सर!"

"थांबणार कोणत्या चौकात?"

याचं उत्तर चौधरींना ठाऊक नव्हतं, भगतालाही नव्हतं. गर्दीतून भंडाऱ्याच्या मुठी उधळल्या जात होत्या. लोकरीचा कोट पिवळा झाला, मग चष्मा, मग मिशा. पहिल्या खड्ड्यात झिपरूने ठोकलेली होडीची डावी बाजू गेली. दुसऱ्या खड्ड्यात हत्तीचं डोकं गेलं आणि आतून चुडामणभाऊंचा पोरगा "माय वं!" म्हणून ओरडला. तिसऱ्या खड्ड्यात शेळीने आधार शोधला. साहेबांच्या मांडीवर पोर होतंच, शेळी त्यांच्या खांद्यावर गेली.

मंदिराच्या पायरीशी गाड्या थांबल्या तेव्हा साहेब जागच्या जागी ताठ बसले होते, देवळात बसवावेत तसे. दोन-तीन बायकांनी चुकून नमस्कारही केला. चौधरींनी मनातल्या मनात वर्ग, दाखला आणि मुंबई यांवर एकेक काट मारली. मे महिना तेवढा शिल्लक राहिला.

साहेब उतरले. कोणाचाही हात न धरता. खाली उभं राहून त्यांनी कमरेचा पट्टा चाचपला, तो मागेच कुठेतरी पडला होता.

"या गाड्या आणायची सक्ती कोण करतं?" त्यांनी विचारलं.

चौधरी पुढे सरसावले. "सर, लोक आपखुशीने..."

पण साहेब पारशी, घरची भाषा गुजराती. लोटन आबांची खानदेशी त्यांना चौधरींच्या इंग्रजीपेक्षा लवकर कळत होती. ते आबांकडेच वळले.

"सक्ती कसानी?" आबा म्हणाले. "मान शे. ज्यानी गाडी एक डाव बारामा लागनी, त्याना मान. मंग दर साल त्यानीच आनानी."

"नाही आणली तर?"

"पंच दंड करतस."

"आणि हे लिहिलेलं असतं?"

"वहीमा. आज्याना टाइमपासून."

साहेबांनी चष्म्यावरचा भंडारा पुसला. "चौधरी! मान, सक्ती, दंड आणि पंचांची वही! इंग्लंडातल्या जुन्या गावांच्या दप्तरात मी हे वाचलं, तीस वर्षं मुलांना सांगितलं आणि माझा स्वतःचा कधी विश्वास बसला नाही. भल्या माणसा, तुम्ही पत्रात थोडंच लिहिलंत! वर्ग तुमचा."

चौधरींनी प्रिन्सिपॉलांकडे पाहिलं, प्रिन्सिपॉलांनी शेळीकडे पाहिलं. काय करून हे घडलं ते तिघांनाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात आबांनी वही मागवली.

"बारावी गाडी आज बदलनी. कोना नाववर लिखू?"

"चुडामणभाऊंची आहे ना," चौधरी चटकन म्हणाले.

"मी गाडी मास्तरले दियेल व्हती," चुडामणभाऊ त्याहून चटकन म्हणाले. "बारामा लायेल मास्तरनी."

"मग कॉलेजचं नाव लिहा."

"कॉलेजले कोन दंड करी? मानूस पाहिजे."

"अर्थातच माणूस पाहिजे," साहेब म्हणाले. "लिहा. प्रोफेसर जीवराम चौधरी." आणि आपल्या टिपणवहीतही त्यांनी ते लिहून घेतलं. आबांनी चौधरींच्या हातात नारळ दिला. तो कसा नाकारायचा हे कोणत्याच विद्यापीठात शिकवत नाहीत.

वर्ग मंजूर झाला. पुढच्या चंपाषष्ठीला चौधरींनी गाडी आणली, कारण पंचांचा निरोप आठ दिवस आधीच आला होता. दाखला मिळाला. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका कॉलेजची जाहिरात आली आणि चौधरी वळकटीसकट मुलाखतीला गेले. निवडसमितीच्या मधल्या खुर्चीत म्हातारे साहेब बसलेले होते. पाठ आता अगदी सरळ.

"तुम्ही?" साहेब दुखावल्यासारखे म्हणाले. "मग गाडी कोण आणणार?"

"सर, मी..."

"आपल्या देशात हा विषय जिथे जिवंत आहे अशी एकच जागा मला ठाऊक आहे. तिथून तुम्हाला उपटून आणण्याचं पाप मी करणार नाही."

तिसऱ्या दिवशी चौधरी परत आले. मे महिना होता. सुगंधाबाईने त्यांच्या हातातली वळकटी घेतली आणि काही न विचारता सोडून पसरली. मग ते पाकीट तिने कपाटातून काढलं. जमेची बाजू वाचली आणि खरी जमा कोणाकोणाच्या पदरात पडली ते बोटांवर मोजलं. कॉलेजला वर्ग मिळाला. साहेबांचा बारागाड्यांवरचा निबंध विलायतेत छापला गेला, शिवाय पाठ बरी झाली. चुडामणभाऊंची गाडी मानातून सुटली आणि पोरगा हत्ती झाल्याबद्दल पास झाला. अभिमन भगताला दर साल पूर्ण बारा गाड्या. शेळीला दोन करडं.

"खर्चाच्या बाजूला तुम्ही काहीच लिहिलं नाही हो," ती म्हणाली. चौधरी खिडकी ते दार फेऱ्या घालत होते, त्यांनी ऐकलं नाही. तेव्हा तिने शिसपेन्सिल ओली केली आणि रेघेच्या उजवीकडे स्वतःच लिहिलं: 'गाडी, दर साल एक. प्रोफेसर, कायमचा एक.'